सावली न पाडणारी रेघ: स्वादुपिंडातला जंत सोनोग्राफीत कसा सापडतो

सकाळी सेंटरच्या बाकावर बसलेल्यांकडे नुसतं पाहिलं तरी कोण कशासाठी आलंय ते बऱ्यापैकी कळतं. बाटलीतून घोट-घोट पाणी पिणारे आणि दर पाच मिनिटांनी 'आता आली हो जोरात' असं सांगणारे मूतखड्याचे. भिंतीवरच्या 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली नवऱ्यापासून दोन हात लांब बसलेली पहिलटकरीण. आणि बाकावर पुढे वाकून, गुडघे पोटाशी ओढून, मुटकुळं करून पडलेलं कुणी दिसलं की मी रांग मोडून त्याला आधी आत घेतो. स्वादुपिंडाला सूज आलेला माणूस असाच वाकतो. उताणं झोपवलं की कळ वाढते, पुढे झुकलं की जराशी सोसवते. हा अवयव पोटात अगदी मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा पडलेला असतो, त्यामुळे दुखणंही पाठीत निघतं.

पावसाळा नुकता सरला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून तिशीची एक बाई अशीच वाकून आली. नवरा-बायको दोघंही केळीच्या बागेत मजुरीला. सोबत सासू. दोन दिवसांपासून छातीखालच्या खळग्यात दुखत होतं, कळ आरपार पाठीत जात होती, पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. 'पित्त झालंय' म्हणून गोळ्या खाऊन झाल्या होत्या. मी जेल लावेपर्यंत सासूनं विचारलंच, "पोटमा काय शे, डॉक्टर?"

पित्त हा आपल्याकडचा मोठा सोयीचा शब्द. घशाशी आंबट आलं तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, उन्हातून आल्यावर डोकं ठणकलं तरी पित्त. यकृतात तयार होणारा खरा हिरवट-पिवळा रस यातल्या कशातच फारसा नसतो. या बाईच्या दुखण्यात मात्र पित्ताच्या शेजारघरचा मामला होता, आणि तो समजायला आधी तिथला नकाशा पाहावा लागेल.

जेवण जठरातून पुढे लहान आतड्यात उतरतं. आतड्याचा हा पहिला भाग विळ्यासारखा वाकलेला असतो, आणि विळ्याच्या पोटात स्वादुपिंडाचं डोकं बसलेलं असतं. तिथून ते डावीकडे प्लीहेपर्यंत जातं, लांबी साधारण १२ ते १५ सेंटीमीटर. इन्सुलिन इथंच तयार होतं, हे आता घरोघरी शुगर असल्यामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण स्वादुपिंडाचं दुसरं काम जास्त घामाचं आहे. अन्न पचवणारा तिखट रस बनवायचा आणि एका बारीक नळीतून आतड्यात सोडायचा. ही नळी २ ते ३ मिलीमीटर रुंद, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. वरून यकृत आणि पित्ताशयाकडून येणारी पित्तनळी हिच्याहून रुंद. बहुतेक माणसांत या दोन्ही नळ्या शेवटी एकाच तोंडाशी येऊन आतड्यात उघडतात. बाहेरून दरवाजा एक, आत खोल्या दोन. दरवाजाभोवती स्नायूची एक कडी असते, ती रस सोडायच्या वेळी सैल होते आणि एरवी आवळलेली असते.

आता आतड्यातला भाडेकरू. आपण ज्याला नुसतं 'जंत' म्हणतो तो गोल जंत दिसायला गांडुळासारखा, पण पांढरट-गुलाबी आणि अंगावर वळ्या नसलेला. मादी २० ते ३५ सेंटीमीटर लांब, नर त्याहून आखूड, जाडी ३ ते ६ मिलीमीटर. आतड्याच्या भिंतीला धरून बसायला याच्याकडे आकडे नसतात. खालून वर सतत पोहत राहूनच तो आपली जागा टिकवतो. त्यामुळे अंगात जोर भरपूर, आणि दिसेल त्या भोकात तोंड घालायची खोड. ताप आला, शस्त्रक्रियेची भूल मिळाली किंवा आतड्यात जंतांचीच गर्दी झाली की तो जास्तच भटकतो. कधी उलटीतून बाहेर येतो. कधी त्या दरवाजातून आत शिरतो.

आत शिरलेले बहुतेक जंत पित्तनळीत जातात, कारण ती रुंद आणि वाट सोयीची. स्वादुपिंडाच्या नळीकडे वळणारे थोडे. पण २-३ मिलीमीटरच्या नळीत ४ मिलीमीटरचा जंत शिरला की बाटलीला बूच बसल्यासारखं होतं. मागे रस तुंबतो. जो रस आपण खाल्लेलं मटण पचवतो, तोच आतल्या आत जागा होऊन आपलं स्वतःचं मांस पचवायला घेतो. स्वादुपिंडाची सूज म्हणतात ती हीच. जंत पूर्ण आत जायलाच हवा असंही नाही. दरवाजात अर्धा अडकून बसला तरी दोन्ही खोल्यांचा निचरा बंद होतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या पोट दुखणारा प्रत्येक जण जंत शोधत येईल. स्वादुपिंडाला सूज येण्याची नेहमीची कारणं दोन, पित्ताशयातले खडे आणि दारू. जंत हे कारण फार मागे आहे. एवढ्या वर्षांत मी पाहिलेले असे रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण देशाच्या दुसऱ्या टोकाला चित्र वेगळं होतं. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात काश्मीरमधले ५०० रुग्ण मांडले. सगळ्यांच्या पित्तमार्गाच्या किंवा स्वादुपिंडाच्या दुखण्यामागे हाच गोल जंत. २८० जणांना नुसती पित्तनळीची कळ, १२१ जणांना पित्तनळीत जंतुसंसर्ग, ६४ जणांना खडा नसताना पित्ताशयाची सूज, ३१ जणांना स्वादुपिंडाची सूज आणि चौघांना यकृतात गळू. हे आकडे वाचल्यापासून खडा नसलेल्या, दारूला न शिवलेल्या माणसाचं स्वादुपिंड सुजलेलं दिसलं की माझा हात आपोआप नळीकडे जातो. जंत सापडायला आधी तो डोक्यात असावा लागतो.

मशीन बघत नाही, ऐकते

लोक सोनोग्राफीला 'मशीनमध्ये बघणं' म्हणतात. खरं तर मशीन ऐकण्याचं काम करते. आपल्याकडे विहिरीत पाणी किती खोल आहे हे दगड टाकून, 'डुबुक' यायला किती वेळ लागतो त्यावरून ओळखतात. तत्त्व तेच. फक्त दगडाऐवजी आवाज टाकायचा आणि त्याच्या पडसादाची वाट पाहायची. आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. पोटावर फिरवतात त्या प्रोबमधून निघणारा आवाज सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा असतो, म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. शरीराच्या मऊ भागातून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगानं जातो. ८ सेंटीमीटर खोलवरून पडसाद परत यायला सेकंदाचा साधारण दहा हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळावरून मशीन खोली काढते, पडसाद किती जोरात आला यावरून पडद्यावरचा ठिपका किती पांढरा ते ठरवते, आणि हे सगळं सेकंदाला कित्येक वेळा करून चालतं चित्र दाखवते.

पाण्यातून पडसाद येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. नळीची भिंत, चरबी पांढरी. दगड आवाज पुढे जाऊच देत नाही. तो स्वतः पांढराशुभ्र चमकतो आणि त्याच्या मागे काळा पट्टा पडतो, दुपारच्या उन्हात विजेच्या खांबाची सावली पडावी तसा. पित्ताशयातला खडा ओळखायचा तो या सावलीवरून.

हवा ही मात्र सोनोग्राफीची वैरीण. हवेला आवाज लागला की तो जवळपास सगळाच तिथून मागे फिरतो आणि पलीकडे अंधार. प्रोबखाली ते थंडगार जेल लावतात ते कातडी आणि प्रोब यांच्यातली हवा हाकलायला. जानेवारीत ते लावताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, पण इलाज नाही. बाहेरची हवा जेलनं जाते. आतली कशी घालवायची? स्वादुपिंड जठराच्या मागे, आतड्यांच्या वेटोळ्यांत दडलेलं. रात्री शेवभाजी हाणून सकाळी चहा-खारी खाऊन आलेल्या माणसाचं स्वादुपिंड शोधणं म्हणजे चुलीच्या धुरात सुई शोधणं. म्हणून ६ ते ८ तास उपाशी यायला सांगतात. तरी दिसलं नाही तर मी एक जुनी युक्ती करतो. दोन-तीन पेले पाणी पाजायचं, उठून बसवायचं किंवा कुशीवर वळवायचं. जठरात हवेच्या जागी पाणी आलं की खिडकी उघडल्यासारखं मागचं दिसायला लागतं. त्या बाईला पाणी पाजणं शक्य नव्हतं, उलटी थांबत नव्हती. डाव्या कुशीवर, मग उजव्या, मग पाठीमागे उशी देऊन बसवून, पोट हलक्या हातानं दाबत बघत गेलो. दुखणाऱ्या पोटावर प्रोब दाबायला माझ्याही जिवावर येतं.

पडद्यावरचे रूळ

पित्ताशय स्वच्छ होतं. खडा नाही, भिंतही बारीक. स्वादुपिंड सुजून जाड आणि नेहमीपेक्षा काळपट. त्याच्या आत नळी फुगलेली, ५ मिलीमीटरच्या वर. आणि नळीत दोन समांतर पांढऱ्या रेघा, मधोमध एक बारीक काळी रेघ.

भुसावळच्या माणसाला हे चित्र सांगायला सोपं, कारण ते हुबेहूब रुळांसारखं दिसतं. जंत म्हणजे नळीतली नळी. त्याची कातडी आवाज परत पाठवते, त्या झाल्या दोन पांढऱ्या रेघा. मधे त्याचं स्वतःचं आतडं, द्रवानं भरलेलं, ती काळी रेघ. प्रोब काटकोनात फिरवून आडवा छेद पाहिला की तेच गोलात गोल दिसतं, डोळ्यातल्या बाहुलीसारखं. चार-सहा जंत एकत्र असले तर एकमेकांत गुंतलेल्या शेवया. इंग्रजी पुस्तकांत याला एका इटालियन पदार्थाचं नाव दिलंय. ज्यानं ते दिलं त्यानं आपल्याकडच्या शेवया बघितल्या नव्हत्या, एवढंच.

आणि मागे सावली नव्हती. जंत मऊ, पाणीदार. आवाज त्याच्यातून आरपार जातो. खड्याची सावली पडते, जंताची पडत नाही. पांढरी लांब रेघ दिसली आणि तिच्या मागे काळा पट्टा नसला, की ती दगडाची नव्हे हे पक्कं.

पण मऊ रेघ म्हणजे जंतच, असंही नाही. गाळ असू शकतो, पूचा किंवा रक्ताचा धागा असू शकतो. म्हणून मी प्रोब तिथंच धरला आणि हात हलवायचं थांबवलं. बाईला म्हटलं, "ताई, दहा सेकंद श्वास रोखा." काही झालं नाही. पुन्हा रोखायला लावला. या वेळी रेघेचं एक टोक हळूच बाजूला सरकलं, वाकलं, आणि परत सरळ झालं. श्वासामुळे सगळं चित्र हलतं ते वेगळं. इथं नळी जागेवर होती आणि फक्त आतली रेघ हलली होती. सासू माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. "जित्ता शे का?" तिनं विचारलं. म्हटलं, "हो माय. जिता आहे."

सीटी स्कॅन मोठा, महाग आणि स्वादुपिंडाच्या सुजेसाठी अनेकदा लागणारा तपास आहे, त्याला कमी लेखत नाही. पण सीटीत मिळतात त्या थांबलेल्या चकत्या. जंताची खरी खूण त्याच्या हालचालीत आहे, आणि ती जिथल्या तिथे, क्षणाक्षणाला दाखवायचं काम सोनोग्राफीचं. किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे गरोदर बाईचीही करता येते आणि एकाच रुग्णाची आठवड्यात तीनदाही.

इथंच एक घोळ होतो, आणि तो या रुग्णाच्याही वाट्याला आला. आपल्याकडे माणूस रिपोर्ट आणि छापील चित्रांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावोगाव फिरतो. नंदुरबारचे सुरतला जातात, धुळ्याचे नाशिकला, चोपडा-यावलचे जळगावला. या घरच्यांनी मी सांगितलं त्या दवाखान्यात जायच्या आधी नातेवाइकाच्या ओळखीनं एका ठिकाणी तो कागद दाखवला. रिपोर्ट न वाचता चित्र बघून तिथं विचारलं गेलं, "नळीत स्टेंट कधी टाकला होता?" विचारणाऱ्याची फार चूक नव्हती. पित्तनळीत किंवा स्वादुपिंडाच्या नळीत टाकलेली प्लास्टिकची बारीक नळी सोनोग्राफीत अगदी अशीच दिसते, दोन समांतर रेघा, मधे काळं. फरक इतकाच की स्टेंट हलत नाही. आणि हालचाल कागदावर छापता येत नाही. तेव्हापासून अशा वेळी मी रुग्णाच्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पडद्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून देतो. रिपोर्टातही आधी लिहितो, 'हालचाल दिसली'.

दिसलं नाही, म्हणजे नाही असं नव्हे

जंत मेला तर हालचाल थांबते. मधली काळी रेघ पुसट होते, कडा विरघळायला लागतात, आणि मग तो गाळासारखा किंवा गाठीसारखाही दिसू शकतो. जुना मेलेला जंत चुन्यासारखा घट्ट झाला तर सावलीसुद्धा पाडतो, म्हणजे वर सांगितलेला नियमही मोडतो. नळीच्या शेवटच्या तोंडाशी, आतड्यातल्या हवेच्या आड अडकलेला जंत तर कित्येकदा दिसतच नाही. कधी असंही होतं की सकाळी नळीत असलेला जंत दुपारपर्यंत आतड्यात परतलेला असतो, आणि दुसऱ्या सोनोग्राफीवाल्याला पहिल्याचा रिपोर्ट खोटा वाटतो. दोघंही बरोबर असतात.

रिपोर्टात 'आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड झाकले गेले आहे' अशा अर्थाचं एक वाक्य असतं. लोक ते ओलांडून शेवटच्या ओळीवर जातात आणि 'नॉर्मल' शोधतात. त्या वाक्याचा अर्थ स्वादुपिंड चांगलं आहे असा नाही. 'मला दिसलं नाही' ही ती आमची कबुली आहे. दुखणं तसंच असेल तर पुन्हा बघायचं, आणि गरज पडली तर एमआरआय यंत्रावर नळ्यांचंच चित्र काढणारी एमआरसीपी किंवा दुर्बिणीच्या टोकाला प्रोब बसवून जठराच्या आतून केलेली सोनोग्राफी. हवेची अडचणच मिटते, कारण प्रोब स्वादुपिंडाच्या शेजारीच जाऊन बसतो.

बाकी तपासण्या आधाराला. रक्तातलं अमायलेज-लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातली पाचक द्रव्यं, नेहमीच्या कमाल पातळीच्या तिप्पट चढलं आणि दुखणं तसंच खास असेल तर स्वादुपिंडाची सूज पक्की, पण ती कशामुळे हे रक्त सांगत नाही. शौचाच्या तपासणीत जंताची अंडी सापडतात. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, मग सापडणारच. पण पोटात नुसते नरच असले तर अंडी येणार कुठून? तपासणी स्वच्छ, आणि जंत मजेत.

सूज ओसरल्यावर त्या बाईला विचारलं तेव्हा कळलं की महिनाभरापूर्वी तिला उलटीतून एक जंत पडला होता. तिनं तो लाजेनं कुणाला दाखवला नाही, बागेतच मातीत दाबला. ही एक गोष्ट पहिल्या दिवशी कळली असती तर माझी पंधरा मिनिटं वाचली असती. पोटदुखीच्या रुग्णाला हे विचारायचं असतं, आणि आम्ही विचारत नाही.

आता थोडं मेंढरांकडे वळतो. साक्रीच्या बाजूला ठेलारी मेंढपाळांचे वाडे उतरतात तेव्हा माणूस, मेंढी आणि राखणीचं कुत्रं एकाच कनातीत राहतं. त्यात एका वेगळ्याच, दिसायला क्षुल्लक जंताला संधी मिळते. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो, उणापुरा अर्धा सेंटीमीटर. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मेंढीच्या चाऱ्यात जातात आणि कधी माणसाच्या हातातून तोंडात. माणसात तो जंत म्हणून वाढत नाही, पाण्याचा फुगा म्हणून वाढतो. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात. बहुतेक फुगे यकृतात, काही फुफ्फुसात, आणि क्वचित, फारच क्वचित, स्वादुपिंडात. मेंढी कापल्यावर गाठी असलेलं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकलं की चक्र पूर्ण होतं. दोष कुत्र्याचाही नाही, मेंढपाळाचाही नाही. ते टाकाऊ मांस पुरलं गेलं नाही, इतकंच.

सोनोग्राफीत हा फुगा काळा गोल दिसतो, आणि स्वादुपिंडात असेल तर सूज उतरल्यावर उरलेल्या पाण्याच्या पिशवीपासून किंवा साध्या गाठीपासून वेगळा ओळखणं अवघड. इथंही हलवूनच बघावं लागतं. रुग्णाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं की तळाशी बसलेली जंताची बारीक रेती उसळून वर येते, हलवलेल्या सरबताच्या तळच्या सब्जासारखी, आणि हळूहळू परत खाली बसते. फुग्याची भिंत दुहेरी असते. कधी आतली भिंत सुटून पाण्यावर तरंगते, कधी आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पिल्लूफुगे भरलेले दिसतात. एवढं दिसलं की सुई लावायची नाही, निदान दोनदा विचार केल्याशिवाय नाही. तो फुटून आतलं पाणी अंगात पसरलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते. सुई टोचून बघू म्हणणाऱ्याला आधी सोनोग्राफीवाल्याला विचारायला लावा.

डबीतला जंत

पुन्हा आपल्या बाईकडे. अशा रुग्णाला आधी जंताची गोळी देत नाहीत, हे अनेकांना विचित्र वाटतं. जंत नळीत असताना मेला तर तो तिथंच कुजतो, त्याच्याभोवती जंतुसंसर्ग होतो, पुढे खडे धरतात. म्हणून आधी तोंडाने काही नाही, सलाईन, वेदनेचं औषध, आणि वाट पाहणं. पित्तनळीत शिरलेले बरेच जंत दुखणं ओसरलं की आल्या वाटेनं आतड्यात परततात, आणि मग गोळी. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून तो हलतोय का, सरकला का, गेला का, हे बघत राहायचं. तीन आठवड्यांनंतरही तिथंच असेल तर तो मेला असं धरून बाहेर काढतात.

तिचा जंत मागे फिरायला तयार नव्हता आणि दुखणं वाढत होतं. मोठ्या शहरात दुर्बीण आतड्यापर्यंत घालून दरवाजातून डोकावणारं शेपूट चिमट्यानं पकडून त्याला ओढून काढलं. जिथं जंत पुष्कळ तिथं डॉक्टर शक्यतो दरवाजाची ती स्नायूची कडी कापत नाहीत. कापली तर पुढच्या भाडेकरूला दार उघडंच. मूतखडा काढल्यावर डबीत घालून देतात तसा तो जंत तिच्या नवऱ्याला प्लास्टिकच्या डबीत दिला गेला. त्यानं तो मला दाखवायला आणला. पट्टी लावली तर २२ सेंटीमीटर भरला. त्याहून जास्त अचंबा मला त्या २-३ मिलीमीटरच्या नळीचा वाटला. हा प्राणी जाऊ शकेल म्हणून तिनं स्वतःला दुप्पट करून घेतलं होतं.

सासूला एकच प्रश्न होता, "हाऊ पोटमा गया कसा?" मी जे सांगितलं ते असं. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या शौचातून अंडी मातीत जातात. ताजी अंडी निरुपद्रवी. मातीत दोन-तीन आठवडे सावली, ओल आणि उबदारपणा मिळाला की ती पिकतात. आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत उघड्या शेतावर ती टिकणं कठीण. पण केळीची बाग म्हणजे बारमाही सावली आणि ठिबकची ओल. पिकलेलं अंडं पोटात गेलं की अळी बाहेर येते, आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात, तिथून फुफ्फुसात, मग खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते. आतड्यात परतून जंत होऊन अंडी घालेपर्यंत दोन-तीन महिने जातात. एवढा फेरा घेऊन ती परत त्याच आतड्यात का येते हे निसर्गालाच ठाऊक.

केळी मात्र या सगळ्यातून सुटते, कारण ती सालीत गुंडाळून येते. मला भीती वाटते ती हिवाळ्यातल्या आपल्या भरीत पार्टीची. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं वांगं शंभर टक्के बिनधोक. पण सोबत बांधावरून उपटून, चिखल नुसता झटकून खाल्लेला मुळा, कांद्याची पात, मेथीची जुडी? पात खायची तर पाण्यात नीट खळबळून. मी स्वतः भरीत सोडणार नाही, हेही सांगून टाकतो.

दीड महिन्यानं ती बाई पुन्हा तपासायला आली. नळी २ मिलीमीटर, आत काळं पाणी, रेघ नाही. सासूनं या वेळी दोन नातवंडं आणली होती, रात्रीपासून उपाशी ठेवून, त्यांचीही सोनोग्राफी काढायची म्हणून. म्हटलं, माय, यांना मशीन नको, गोळी हवी. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, हे जंतनाशक दिन देशभर पाळतात. अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते, दोन वर्षांच्या वर ४०० मिलिग्रॅम, त्याखाली अर्धी. चावून खायची. चुकली असेल तर आशाताईंना विचारा. आणि आधी यांना काहीतरी खाऊ घाला, भुकेनं कोमेजलीत.

तिनं पिशवीतून दोन केळी काढली. नातवंडांनी हात पुढे केले. तिनं केळी परत पिशवीत ठेवली आणि मला विचारलं, "नळ कोठे शे?"